शेठचा नळ गढूळ झाला

मुलुंड, शनिवार संध्याकाळ

बांधाच्या पायथ्याशी धुणं धुणाऱ्या मंदाताईंनी हाक मारली, "काय शेठ, आज नळाला चहा सोडलाय की काय?" बायका हसल्या. मीही हसलो, आणि मग धावतच खाली उतरलो.

माझ्या पिकनिकच्या तळ्याचा मातीचा बांध खालून थोडा पाझरतो. खालच्या वस्तीत त्याला 'शेठचा नळ' म्हणतात. पाणी नितळ येतं तोवर भीती नसते. गढूळ आलं म्हणजे बांधाच्या पोटातली माती चालली. ओंजळीत घेऊन पाहिलं. चहाच. आत खळखळही ऐकू आली. भास असेल? माझे कान असे फसत नाहीत.

मॅनेजर म्हणतो, "उद्या बोटिंग फुल आहे, सोमवारी बघू ना." सोमवारपर्यंत बांध थांबेल?

तळं उतरवायला नाल्याकडची झडप उघडली. फायर ब्रिगेडला कळवलं. खालच्या साऱ्या घरांना वर हॉलमध्ये आणलं. मंदाताई ओल्या कपड्यांचं बोचकं घेऊनच आल्या. आत्ता विचारत होत्या, "सकाळी घरी जायचं ना, शेठ?"

"हो," म्हणालो. तळं अजून वीतभरही उतरलेलं नाही.