तीन सेकंदांचा वारा

प्रिय ताई,

फोन न करता पत्र लिहिते आहे म्हणून लगेच कपाळाला आठ्या घालू नकोस. फोनवर तू फार छान बोलतेस. दोन मिनिटांत मला हसवतेस, तिसऱ्या मिनिटाला मी कशासाठी फोन केला होता तेच विसरायला होतं. या वेळी मला ते विसरायचं नाही. शिवाय कागदावर माणूस मध्येच तोडत नाही. तेवढा फायदा मी घेते आहे.

आधी बातम्या. माझी खोली आता बरी लागली आहे. खिडकीच्या बाहेर मी एक छोटा वातदर्शक बसवला, तर घरमालकीणबाईंना वाटलं मी पक्ष्यांना हाकलायला काहीतरी लावलंय. आईची तब्येत ठीक आहे. ती रोज विचारते, ताईचा फोन आला का, आणि मी रोज म्हणते, आला होता. घरातलं खोटं बोलण्याचं खातं पूर्वी तुझ्याकडे होतं, हल्ली ते माझ्याकडे आलेलं दिसतंय. मी नऊ वर्षांची असताना शेजारच्या गच्चीच्या कठड्यावरून पडले आणि तू आईला सांगितलंस की तूच मला ढकललंस. मला ओरडा बसू नये म्हणून. तुझा चेहरा इतका सरळ होता की घटकाभर मलाही वाटलं, ढकललं असेल हिनं. तू खोटं किती सफाईनं बोलतेस हे मला पक्कं माहीत आहे, कारण ते आधी माझ्यासाठीच बोललीस.

आता रविवारच्या पॅराशूट उड्यांच्या कार्यक्रमाबद्दल. तू विमानात होतीस, मी खाली मैदानाच्या मध्यावर. माझ्या बाजूनं काय दिसलं ते तू मला अजून विचारलेलंच नाहीस, म्हणून लिहिते. सव्वाचारला मी पांढऱ्या कापडाची फुली अंथरली, चारही टोकांना वाळूच्या पिशव्या ठेवल्या. चिमण्या नेहमी म्हणतो की जगात फुली म्हणजे नाही, फक्त आपल्या टोळीत फुली म्हणजे हो. पंचाण्णव किलोच्या माणसाला चिमण्या म्हणणाऱ्या टोळीत हेही चालायचंच. फुली दिसली तर उडी, एक पट्टा उचलून नुसती रेघ उरली तर विमान परत. हा नियम तूच केलास. हातात रेडिओ असताना कापड कशाला, असं भावोजींनी विचारलं होतं, तेव्हा तू म्हणालीस की रेडिओवर वाद घालता येतो, कापडाशी नाही. त्या दिवशी मला तुझा फार अभिमान वाटला होता.

चार वाजून बावीस मिनिटांनी पश्चिमेकडे ढगांची कड काळी आणि सरळ झाली, पट्टीनं आखल्यासारखी. चार मिनिटांत तापमान तेहतीसवरून अठ्ठावीसवर आलं. पावसाच्या आधी जो गार वारा धावत येतो, त्याची ही वर्दी असते. प्रेक्षकांच्या सज्ज्यावरचे झेंडे ताणून सरळ झाले आणि माझ्या फुलीच्या कडा पिशव्यांखालून फडफडायला लागल्या. हातातलं वारा मोजायचं मीटर मात्र ताशी सोळा किलोमीटर दाखवत होतं. सोळा, सतरा, पुन्हा सोळा. आपली मर्यादा बावीसची. वारा कधीच इतक्या शहाण्यासारखा वागत नाही, ताई. मी मीटरकडे पाहिलं, कापडाकडे पाहिलं आणि कापडावर विश्वास ठेवला. पट्टा उचलला. विमान तुम्हा सहा जणांना घेऊन वळलं, लोकांनी हुर्यो उडवली, निवेदक म्हणाला की आकाशातले पाहुणे पत्ता चुकले वाटतं. भावोजी धावत आले. सोळा होता, सोळा, असं ते मला दोनदा म्हणाले, सोळाला तर दोरीवरचे कपडेसुद्धा नीट हलत नाहीत. मी म्हटलं, थांबा जरा. अकरा मिनिटांनी व्यासपीठाचा मांडव एका बाजूनं उखडला, तेव्हा ते खांब धरायला पळाले. माझं बरोबर होतं हे सांगायला मी हे लिहीत नाही. बरोबर असण्याचा मला त्या दिवशी काडीचा आनंद झाला नाही, कारण मीटर चूक का होतं हे मला कळत नव्हतं.

रात्री मीटरमध्ये साठलेल्या नोंदी उघडून पाहिल्या. हे मीटर दर तीन सेकंदांचा वारा दाखवतं, म्हणजे झोत आला की आकडा उसळतो. मी ते तसंच ठेवते, तुला माहीत आहे. रविवारी ते दोन मिनिटांच्या सरासरीवर होतं. दोन मिनिटांत एकोणतीसचा झोत येऊन गेला तरी सरासरी सोळाच राहते. बुडणाऱ्या माणसाला सरासरी गुडघाभर पाणी आहे असं सांगण्यातला प्रकार. मीटर बिघडलं नव्हतं. कुणीतरी त्याची सेटिंग बदलली होती, आणि कधी, हेही मीटरनं नोंदवून ठेवलं होतं. रविवार, सकाळी सहा चाळीस.

माझा पहिला संशय भावोजींवर गेला, हे मी लपवत नाही. आयोजकांना शब्द त्यांनी दिलेला, चेहरा त्यांचा पडणार. दोन दिवस मी त्यांच्याशी तुटक वागले. त्यांनी विचारलंही, काय गं, माझ्या डोक्यावर शिंगं उगवलीत का? पण ते साडेपाचलाच मैदानावर गेले होते. कुंपणाचं कुलूप उघडणाऱ्या पहारेकऱ्याच्या वहीत त्यांची सही आहे. मी जाऊन पाहिली. मग चिमण्या. त्याला उड्या मारायची भारी हौस. पण तो तुझ्या घरी सातनंतर आला, दोन मजले चढून धापा टाकत, आणि आल्या आल्या खुर्चीत बसला. मग वैमानिक, आपले आजोबा. बेचाळिसाव्या वर्षी जिन्याचा कठडा धरून उतरतात म्हणून आजोबा. त्यांना मी सरळच विचारलं. ते म्हणाले, पोरी, मला त्या यंत्राचं चालू करायचं बटण सापडलं तरी पेढे वाटीन. तेही खरं आहे. ती सेटिंग बदलायला दोन बटणं एकदम पाच सेकंद दाबून धरावी लागतात. कुठं लिहिलेलं नाही, पाहून कळत नाही. ते मी आजवर एकाच माणसाला शिकवलं आहे, दोन वर्षांपूर्वी मला ताप आला होता आणि मैदान तुला सांभाळायचं होतं तेव्हा.

शनिवारी रात्री मी तुझ्याकडेच राहिले होते, आणि रविवारी सहा चाळीसला मीटर तुझ्या स्वयंपाकघरात चार्जिंगला होतं. मी आंघोळीला गेले होते. घरात आपण दोघीच होतो.

हे वाक्य लिहून मी कागद बाजूला ठेवला, कपडे धुतले, परत आले. वाक्य तसंच होतं.

सोमवारी तू सगळ्यांना संदेश पाठवलास. या शनिवारी कार्यक्रम पुन्हा होणार, आणि यापुढे निर्णय फक्त मीटरच्या आकड्यावर, कुणाच्या मतावर नाही. बाकी सगळ्यांनी तासाभरात मान्य लिहिलं. मी अजून लिहिलेलं नाही, आणि तू मला आठवण करून दिलेली नाहीस. एरवी मी पट्टा उचलला की तू उतरल्या उतरल्या विचारतेस, कशावरून? मग आपण अर्धा तास भांडतो आणि बहुतेक वेळा तू मान्य करतेस. रविवारी तू कशावरून विचारलंच नाहीस. फक्त एवढंच विचारलंस की मीटर काय दाखवत होतं. तेव्हा मला ते नुसतं विचित्र वाटलं होतं.

पण तू असं का करशील, हे माझ्या डोक्यात बसेना. तू भित्री नाहीस, तशी बेफिकीरही नाहीस. दुसऱ्या कुणाच्या जिवाशी तू खेळणार नाहीस. तू स्वतः मला तीन वेळा वरून परत आलेली आठवतेस, नुसता ढग आवडला नाही म्हणून. म्हणजे यंदा परत फिरणं तुला परवडत नसणार. का परवडत नसेल, एवढंच शोधायचं होतं. काल मी या हंगामातल्या तुझ्या उतरण्याच्या तिन्ही चित्रफिती काढून बसले. जमिनीपासून वीस फुटांवर तू ब्रेकच्या दोन्ही दोऱ्या खाली ओढतेस आणि पॅराशूट डावीकडे वळतं. पहिल्यांदा मला वाटलं वारा. मग त्या त्या दिवसाची माझी टिपणं काढली. वारा एकदा समोरून होता, एकदा उजवीकडून, एकदा जवळजवळ नव्हताच. तू मात्र तिन्ही वेळा डावीकडेच वळलीस. दोन्ही हात सारखे ओढले तर पॅराशूट वळत नाही. उजवा हात कमी पडला तर ते डावीकडे वळतं. नंतर मी तुझ्याकडे पाहायचं सोडून तुझ्या खांद्याकडे पाहिलं. तिसऱ्या फितीत, जमिनीवर आल्यावर, तू शिरस्त्राण डाव्या हातानं काढतेस आणि लोकांना हातही डावाच हलवतेस. त्या दिवशी घरी तू वरच्या फळीवरचा डबा मला काढायला लावलास आणि म्हणालीस, उंची वाढली आहे तर उपयोग कर. मी हसले होते.

डॉक्टरांनी तुला काय सांगितलं हे मला माहीत नाही. तू त्यांच्याकडे गेलीस की नाही हेही माहीत नाही. एवढा हंगाम निघाला की बस, असं तू स्वतःशी ठरवलं असणार. मोजक्या उड्या उरल्या असल्या की एकेक उडी हातची जाऊ द्यायला जिवावर येत असेल, हे मी समजू शकते. पण त्या मैदानाला चहूबाजूंनी सज्जे आहेत, भिंतीआड वाऱ्याचे भोवरे तयार होतात. तिथं शेवटच्या वीस फुटांत तुला दोन्ही हात लागतील. एकच चालला तर काय होतं हे तू नवशिक्यांना फळ्यावर काढून दाखवतेस. मी ते चित्र तुझ्याकडूनच शिकले.

आता पत्र का लिहिलं ते. आज बुधवार. मीटर मी तीन सेकंदांवर परत आणलं आहे आणि ते माझ्या पिशवीत आहे. सेटिंग कुणी बदलली हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. भावोजींना तर नाहीच; त्यांच्याशी दोन दिवस वाईट वागले त्याची माफी मागायची आहे, पण का वागले ते सांगावं लागेल म्हणून थांबले आहे. त्यांना काय सांगायचं ते तू सांग, त्यासाठी तुझ्याकडे दोन दिवस आहेत. शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता मी तुझ्याकडे येईन. चहा टाकू नकोस, समजूत घालू नकोस, लहानपणची गोष्ट काढू नकोस. दार उघड, माझ्यासमोर उभी राहा आणि उजवा हात सरळ डोक्यावर ने. दंड कानाला लागला पाहिजे, आणि तिथं तो साठ सेकंद राहिला पाहिजे. मी घड्याळ लावणार आहे. राहिला तर मी तुझी, सगळ्यांसमोर, जितक्या वेळा म्हणशील तितक्या वेळा माफी मागेन. नाही राहिला, तर त्याच पावली खाली उतरून आजोबांना सांगेन की शनिवारी विमानात पाच जण असतील. तू माझ्याशी किती वर्षं बोलणार नाहीस याचा हिशेब मी केला आहे आणि तो मला चालणार आहे. तू तोंडानं हो म्हणशील, यावर माझा विश्वास आहे. तुझ्या खांद्यावर नाही.

तुझीच,
धाकटी