न तोडता सोललेली साल

लिमा, २३ फेब्रुवारी १९९५

प्रिय फेर्मीनदादा,

आम्ही बरे आहोत, म्हणजे तापाने कुणी आजारी नाही. आपलं हॉटेल नेहमीसारखं चाललंय. बाबांचा पारा मात्र उतरत नाही, आणि त्याला कारण उन्हाळा नाही.

आजीचे गुडघे आता गच्चीचा जिना चढू देत नाहीत. त्यामुळे तिचा डबा यंदा मी उन्हात ठेवला. इतकी वर्षं ती कुणाला हात लावू देत नव्हती, तुला माहीतच आहे. तिच्या जन्माच्या वर्षी तिच्या आईने वाळवलेली संत्र्याची साल, चीनहून बोटीने पोटाशी धरून आणलेली; अशी साल जितकी जुनी, तितकी सोन्याच्या भावाची. पुढच्या महिन्यात ती ऐंशीची होईल, तेव्हा त्यातला एक तुकडा बदकाच्या रश्शात घालायचा ठरलं होतं. बाबा हौसेने बघायला वर आले. झाकण उघडलं, वास घेतला आणि ओरडलेच, "ही आपली साल नाही! ही इथल्या बाजारातली आहे!"

डबा असतो त्या आजीच्या खोलीची किल्ली, घर सांभाळते म्हणून, दोमितिलाकडे असते. संपलं. बाबांनी आचाऱ्यांसमोर तिला नको नको ते विचारलं.

"साहेब, तुमच्या पोरांची ढुंगणं धुतली मी, आणि आज चोर झाले होय?" एवढंच ती म्हणाली. ॲप्रन खुंटीला लावला आणि निघून गेली. बहिणीकडे आहे. मी गेले होते, तिने दार उघडलं नाही.

दादा, ती साल मी नीट पाहिली. आपल्यात साल तीन पाकळ्यांत कापतात, देठाशी जोडलेली ठेवून. डब्यात तशी एकही नव्हती. सगळ्या न तोडता गोल गोल सोललेल्या, लांबलचक. आपल्या घरात पैज लावून असं कोण सोलायचं? मी त्या पटकन डब्यात कोंबल्या. बाबांच्या लक्षात आलं नाही. तुझ्या विमानाच्या तिकिटाचं कसं जमलं, हे तेव्हा कुणीच विचारलं नव्हतं.

आजीला सांगायला गेले, तर ती म्हणाली,

"तो गेला त्याच उन्हाळ्यात कळलं मला. डोळे गेलेत, बोटं नाही गेली."

"मग दरवर्षी ऊन कशाला दाखवत होतीस?"

"नाही दाखवलं तर बुरशी लागेल गं. त्याच्या हातची आहे."

मला रडू फुटलं. आणि मग रागही आला, तिचासुद्धा. कारण ती पुढे म्हणाली, "त्याला काही लिहू नकोस. तिकडे एकटा आहे बिचारा."

"आणि दोमितिला?" मी विचारलं. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.

साल गेली ती गेली, आजीने ते केव्हाच गिळलंय. पण तुझ्या आणि माझ्या वेण्या-भांग करणारी बाई आज शेजाऱ्यांत चोर म्हणून बसली आहे. बाबांना फोन कर. चिडतील, शिव्या देतील, देऊ देत. मग दोमितिलालाही कर. तुझा आवाज ऐकला तर ती दार उघडेल असं मला वाटतं.

आजीचं न ऐकता हे लिहिणारी,
आणि बाबांपुढे फक्त तिच्या वाढदिवसापर्यंतच गप्प राहणारी,
तुझी बहीण
अदेला