बाबांच्या वाटणीचे अक्रोड

आई,

तुला आणि बाबांना इथूनच वाकून नमस्कार.

मी बरी आहे. हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात दिवसभर उभं राहून पाय भरून येतात, पण झोपलं की बरं वाटतं. काळजी करू नकोस.

बाबांच्या विसरण्याबद्दल इथल्या आहारतज्ज्ञ बाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "गेलेलं परत आणेल असं खाणं नसतं गं. पण पालेभाजी, मासे, मूठभर अक्रोड पोटात जाऊ देत. पाणी भरपूर, चहात साखर कमी." म्हणून तर अक्रोड पाठवले.

आणि तू फोनवर सांगतेस, बाबा त्यातला एकही खात नाहीत! तू भिजवून दिलेस की वाटी झाकून ठेवतात. म्हणे, "ठकूची परीक्षा आहे, तिला लागतील." तू रागावलीस तर म्हणतात, "पोरीच्या तोंडचा घास काढू का मी?" ऐकताना हसले, पण माझी शेवटची परीक्षा होऊन किती वर्षं झाली गं!

त्यांच्याशी वाद घालू नकोस. तू वेळेवर जेवतेस ना? आवाज थकलेला वाटला. दोन अक्रोड तूही खात जा.

उद्या वाटी त्यांच्यापुढे ठेव आणि सांग, ठकूचा निकाल लागला, चांगल्या मार्कांनी पास झाली, आता हे तुम्हीच खायचे असं तिनं सांगितलंय. खातील बघ.

परवा विसरले, तर मला पुन्हा पास कर.

तुझी दमलेली, पण धडधाकट
ठकू