हॅडलीच्या रेड्यांविषयी, गुडघ्याच्या निमित्ताने

हॅडली, शनिवार, मक्याची कापणी निम्मी झालेली

ती. स्व. अर्नेस्टदादास,

धाकट्या मायलोचा उभ्यानेच नमस्कार. (साष्टांग घालायला माझी हरकत नाही, पण नंतर मला उठवायला आमच्या सौ. लव्हर्नला शेजारच्या दोन माणसांना हाका माराव्या लागतात.) पत्र लिहिण्याचं कारण एवढंच की तुझ्या नव्या गुडघ्याची खुशाली विचारावी. दुसरं काहीही कारण नाही. बर्निसवहिनी फोनवर म्हणाल्या की डॉक्टरांनी तुला जिना बंद केला आहे आणि तुझा पलंग खाली टीव्हीसमोर टाकला आहे. म्हणजे ऐन कापणीत तू लोळत दालचिनीचे रोल खातोस आणि वहिनी हार्वेस्टर चालवतात. गुडघा बदलण्याची ही वेळ तू फार विचार करून निवडलीस असं लव्हर्नचं मत आहे. मी तुझी बाजू घेतली, कारण भाऊ तो भाऊ, मग तो कॉर्बिनमध्ये का राहत असेना.

काल आमच्या मैदानावर आमच्या शाळेचे रेडे आणि तुमच्या शाळेचे ससाणे यांचा फुटबॉलचा सामना झाला आणि तू नव्हतास, हे मात्र मनाला लागलं. चौदा मैलांवरून कॉर्बिनचं अख्खं गाव आलं, फक्त तूच नाहीस. तिकडचे लोक तुला काहीबाही सांगतील, म्हणून खरी हकीकत माझ्याकडून कळावी. सामना आम्ही हरलो. या हंगामातले सगळेच हरलो. पण दादा, हरण्याहरण्यात फरक असतो. तुमची पोरं जिंकली आणि बस धरून घरी गेली. आमची पोरं हरून मैदानावर उभी राहिली, बँडने गावाचं गाणं वाजवलं आणि एकही माणूस गाणं संपेपर्यंत गाडीकडे वळला नाही. असं गाव दाखव मला आणखी एक.

आता आमच्या क्वार्टरबॅकविषयी, म्हणजे ज्याने चेंडू फेकून संघाची खेळी चालवायची त्या पोराविषयी. आपला तो बाब्या अशातला मी नाही, त्यामुळे एमेट माझा सख्खा नातू असला तरी निःपक्षपातीपणे सांगतो, त्याच्यासारखा खेळाडू या परगण्यात झाला नाही. त्याला संपूर्ण खेळ डोक्यात दिसतो. कोण कुठे धावणार, कोण कुठे अडवणार, सगळं पाठ. राहता राहिला प्रश्न चेंडू फेकण्याचा. तो जरा तिरका जातो. सप्टेंबरात एक फेक बँडमधल्या ट्यूबाच्या तोंडात जाऊन बसली आणि वाजवणाऱ्या मुलीचे गाल दोन दिवस दुखत होते. तेव्हापासून बँडवाले त्याच्या प्रत्येक फेकीला वाद्यं आडवी धरतात. डोलोरेसच्या कॅफेत रोज सकाळी यावर संसद भरते. क्वार्टरबॅक बदला असं म्हणणारे खिडकीच्या टेबलावर, बदलू नका म्हणणारा मी काउंटरवर. खिडकीवाल्यांचा पुढारी म्हणजे आपला व्हर्जिल, तोच, खताचं दुकान असलेला. "मायलो, तुझ्या नातवाला गोदामाच्या दारात उभा कर, दार चुकवून दाखवेल," असं तो मला, माझ्याच पैशाची कॉफी पिऊन म्हणाला. मी म्हणालो, "मग तुझ्या पुतण्याला घे. तो फेकतो सरळ, पण कोणत्या दिशेला हे त्याला आधी सांगावं लागतं." डोलोरेसने दोघांपुढे बिल ठेवलं.

खरी काळजी फेकीची नाही, डोक्यांची आहे, आणि ती मी तुझ्यापासून लपवत नाही. येत्या उन्हाळ्यात सहा पोरं शाळा सोडतात. मागे उरतात सात. फुटबॉलला अकरा लागतात, आणि पुढच्या वर्षी अकरा भरले नाहीत तर ज्या मैदानावर बाबा खेळले, तू खेळलास, मी खेळलो, तिथे शुक्रवारी दिवे लागायचे नाहीत. आम्ही हातपाय हलवले नाहीत असं नाही. संघाची पुनर्बांधणी करायला समिती नेमली (मी, व्हर्जिल आणि पाद्रीबुवा). ट्यूबावाली मुलगी यायला तयार आहे, पण तिला एमेटच्या विरुद्ध खेळायचं आहे. नव्या डुक्करफार्मच्या मॅनेजरची जुळी मुलं धष्टपुष्ट आहेत हे ऐकून पाद्रीबुवा केक घेऊन गेले, तर ती पाच वर्षांची निघाली. शेवटी व्हर्जिल म्हणाला की आठ जणांचा फुटबॉल खेळू, पश्चिमेकडची गावं खेळतातच. मी सांगितलं, सात पोरांत आठही बसत नाहीत, आणि बसले तरी मी जिवंत असेपर्यंत हॅडली अकराच खेळेल. यावर व्हर्जिलने माझ्या तब्येतीची चौकशी केली.

तर कालचा सामना. तुला ठाऊकच आहे, एकतीस वर्षं दहा यार्डांच्या साखळीची पुढची काठी माझ्या हातात असते. मागची व्हर्जिलच्या. चार प्रयत्नांत पोरांनी माझ्या काठीपर्यंत पोचायचं, आणि साखळीवाल्याने कडेला पुतळ्यासारखं उभं राहायचं. ओरडायचं नाही, टाळी नाही, बाजू घ्यायची नाही. आठवडाभर काउंटरवर मी कितीही बोललो तरी शुक्रवारी माझ्या तोंडून ब्र निघालेला कोणी ऐकला नाही. माझ्या पोराने शेवटच्या क्षणाला सामना जिंकून दिला तेव्हाही मी काठीकडे बघत होतो. या गोष्टीचा मला अभिमान होता. (होता, हे नीट वाच.)

शेवटची दोन मिनिटं, तुम्ही चार गुणांनी पुढे, आमचा चौथा प्रयत्न आणि माझी काठी अजून आठ यार्ड लांब. एमेट चेंडू घेऊन मागे सरकला. बँडने वाद्यं आडवी धरली. फेकायला कोणी मोकळा नव्हता, तुमच्या पोरांनी सगळ्यांना डाळिंबातल्या दाण्यांसारखं दाबून ठेवलं होतं. आणि मग त्याने चेंडू पोटाशी धरला आणि स्वतःच धावत सुटला, सरळ माझ्या दिशेने. एकाला चुकवलं, दुसऱ्याला खांद्याने उडवलं (तो दुसरा तुझा नातू डॉसन होता, त्याला लागलं नाही ना?). दादा, आपला नातू असा धावत येताना दिसला की माणसाचं काय होतं ते मी सांगू शकत नाही. एकतीस वर्षांचं सगळं एकदम घशातून बाहेर आलं. "ये रे माझ्या रेड्या, ये!" असं मी ओरडलो आणि त्याच्या पुढे पळत सुटलो.

काठी हातात तशीच होती.

म्हणजे तो जसजसा पुढे येत होता तसतशी मी त्याने गाठायची रेघच पुढे नेत होतो. साखळीच्या दुसऱ्या टोकाला व्हर्जिल. त्याने काठी सोडायला हवी होती, पण कर्तव्य म्हणून घट्ट धरली, आणि माझ्यामागे फरपटत येऊन पाण्याच्या टाकीत बसला. रेघ परत सापडावी म्हणून साखळीला लावलेली खुणेची चिमटीही उडाली. एमेट पडला तेव्हा काठी त्याच्या पुढे बारा यार्डांवर होती आणि मी काठीसकट नाचत होतो. पंचांनी येऊन शांतपणे विचारलं, "आजोबा, रेघ कुठे होती?" आता माझं उत्तर कोण मानणार? पंचांनी अंदाजाने जागा ठरवली. एमेट वीतभर कमी भरला. चेंडू तुमच्याकडे गेला आणि सामनाही.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. पण यातून एक चांगलं झालं. आज सकाळी कॅफेत गेलो तर क्वार्टरबॅक बदलण्याचा विषयच कोणी काढेना. खिडकीचं टेबल आणि काउंटर, दोघांचंही एकमत झालं की एमेट हरला नाही, त्याला आजोबाने हरवलं. व्हर्जिल तर (उशीवर बसून) म्हणाला, "पोरगं वाघासारखं धावलं. बदलायचा असेल तर साखळीवाला बदला." हंगामभर मी घसा कोरडा करून जे पटवू शकलो नाही ते एका धावण्यात पटलं. नातवावरचं किटाळ माझ्यावर आलं आणि मी ते मिरवत घरी आलो.

बाकी सर्व क्षेम. गुडघ्याला जप. वहिनींना नमस्कार, डॉसनच्या बरगड्यांना शुभेच्छा.

तुझा,
मायलो

ता.क. लव्हर्न कोलाचे पाठवते आहे, तेच, जर्दाळूचा मुरंबा भरलेले गोड पाव. डबा परत कर. मागचा डबा अजून तुमच्याकडेच आहे, पण आज तो विषय नको.

ता.क. २. समितीने मला शिक्षा ठोठावली आहे आणि ती भोगायला मी हे पत्र लिहायला बसलो. तू तुमच्या शाळेच्या मंडळाचा अध्यक्ष. तुमच्याकडेही पुढच्या वर्षी नऊच पोरं उरतात असं डोलोरेसला कळलं आहे. आमची सात. बेरीज तू कर, बाबा तुलाच गणित शिकवायचे. दोन्ही गावांचा एक संघ करता येईल का, हे हॅडली विचारत आहे. मी विचारत नाही, हॅडली विचारत आहे. निम्मे सामने आमच्या मैदानावर, म्हणजे दिवे लागतील. नावावरून भांडण नको म्हणून लव्हर्नने "उडते रेडे" सुचवलं आहे. ते मी समितीपर्यंत जाऊ दिलं नाही.

ता.क. ३. क्वार्टरबॅक कोण, आमचा एमेट की तुमचा डॉसन, यावर सगळं अडेल हे मला माहीत होतं, आणि या मुद्द्यावर मी तुझ्याशी मरेपर्यंत भांडणार होतो. तलवार परजून ठेवली होती. पण दुपारी एमेटला सांगितलं, तर तो राजमा-खिम्याच्या चिलीच्या वाटीत दालचिनीचा रोल बुडवत म्हणाला, "आजोबा, डॉसन माझ्यापेक्षा चांगला फेकतो. त्याला फेकू दे." मी म्हटलं, अरे, मग तू काय करणार? तर म्हणाला, "मी मध्ये उभा राहून त्याला चेंडू मागे देतो. दर खेळीत चेंडू आधी माझ्या हातात येणार. डॉसनला काहीही करायचं असलं तरी माझ्याकडून घ्यावा लागेल." दादा, हे मी त्याला शिकवलेलं नाही. मी उठून अंगणात गेलो आणि थोडा वेळ कुंपण दुरुस्त केलं. कुंपणाला काही झालेलं नव्हतं.

ता.क. ४. नव्या संघाच्या साखळीवर मला घ्यायला सांग. पुढची काठी नको, मागची चालेल. गप्प उभं राहण्याबद्दल मात्र आत्ताच काही कबूल करत नाही. चेंडू दर खेळीत एमेटच्या हातात येणार आहे.