चौथ्या कडव्याचे वारस

मी, सिंधु व्यंकटी सोमवंशी, वय २७, शिक्षण बी.ए., व्यवसाय स्वतःची गाणी रचून गाणे व चित्रे काढणे, मूळ राहणार औसा, जि. लातूर, सध्या मुक्काम नांदेड, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. राग आहे, तो माझा स्वतःचा आहे, आणि डोकं ठिकाणावर आहे. शंका असल्यास साक्षीदारांना विचारावे.

परवा माझ्या गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन आहे. संमतीच्या फॉर्मवर छापलंय की आवाज बदलू शकतो, क्वचित जाऊही शकतो, आणि त्याखाली जिवाचंही एक वाक्य आहे. डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका, सगळेच सही करतात." पण आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली, न वाचता सही करायची मला सवय नाही. वाचलं, सही केली आणि हे लिहायला बसले.

१. औशाच्या घरातला माझा हिस्सा माझी आई रुक्मिणबाई हिला द्यावा. त्या घराच्या ओसरीच्या भिंतीवर मी बारावीच्या सुट्टीत कापूस वेचणाऱ्या बायका रंगवल्या होत्या. माझे काका शेषेराव यांनी पाहुणे येणार म्हणून त्यावर चुना मारला. "भिंत हाय ती, शाळेची पाटी न्हाई," म्हणाले. काकांना माझ्याकडून एक बादली चुना आणि एक कुंचा द्यावा. माझ्यानंतर घरात दुसरी पोरगी चित्र काढू लागली तर लागेल त्यांना.

२. लॅपटॉप, माइक, रंग, ब्रश आणि पासवर्डांची वही माझी मैत्रीण शिल्पा हिला. ह्या मृत्युपत्राची व्यवस्थापकही तीच. जिच्यात शिरून मी अकरा गाणी रेकॉर्ड केली ती गोधडीही तिचीच. नांदेड स्टेशनची घोषणा त्या गोधडीनेच अडवली, तरी दोन गाण्यांत मागे गाडी ऐकू येते. ती काढू नये.

३. हे कलम मुख्य आहे. आजवर मी खोटं बोलत आले, ते इथे कबूल करते.

"मांडवाला खांब पाच, सहावा माझ्या नावाचा" हे हळदीचं गाणं आज लातूर-नांदेडच्या निम्म्या लग्नांत डीजेवर वाजतं. ते पारंपरिक नाही. ते मी २०१९ साली लातूर-औसा बसमध्ये रचलं. चार कडवी. पहिल्यांदा चुलत बहिणीच्या हळदीत म्हटलं. बायकांनी विचारलं, "कुणाचं गं हे?" शेजारी काका उभे होते. पोरीच्या जातीनं गाणी रचणं म्हणजे उद्या तमाशाचा फड काढणं, हे त्यांचं मत सगळ्या भावकीला पाठ होतं. मी घाबरून म्हणाले, "आईच्या आजीचं." आईनं माझ्याकडं पाहिलं आणि लगेच म्हणाली, "हाव, माझ्या आजीचंच हाय." चौथं कडवं मी गिळलं, कारण त्यात माझं नाव आहे.

लातूरच्या 'मयूरपंख डिजिटल'चे मालक दयानंद हलगरे यांच्या हाती त्या हळदीचा व्हिडिओ लागला. मी नांदेडला असताना ते कॅमेरा घेऊन औशाला गेले आणि आईकडून तेच वाक्य पुन्हा वदवून घेतलं. लेकीला सांभाळायचं म्हणून आईनं तेही केलं. महिन्याभरात गाणं आलं. गायिका दुसरी, खाली अक्षरं "पारंपरिक, संकलन : दयानंद हलगरे". वर चित्र माझं, त्या हळदीत मी मांडवात लावलेलं, सहा खांबांचं. खालच्या कोपऱ्यातली माझी सही तेवढी कापलेली.

मी त्यांच्या ऑफिसात गेले. त्यांनी चहा मागवला.

"बाई, तुझ्या आईनंच कॅमेऱ्यासमोर सांगितलंय. आता बोल, आई खोटी का तू खोटी?"

"मी खोटी, सर. गाणं माझं आहे."

"मंग जा अन् आईला खोटी पाड. गावात लई शोभंल."

मी चहा न पिता उठले. पाच वर्षं ते वाक्य गळ्यात घेऊन फिरते आहे. डॉक्टर गाठीचं कारण वेगळं सांगतात.

ह्या कबुलीपुरती आई निर्दोष आहे. ती जे बोलली ते मी शिकवलेलं होतं. पुरावा म्हणून निळी वही शिल्पाकडे आहे, त्यात चारही कडवी, खोडाखोड आणि बसचं तिकीट चिकटवलेलं आहे.

४. ते गाणं व बाकीची दहा गाणी यांची मालकी आईला. हळदीत, चुलीपुढे, शेतात कोणत्याही बाईनं ती फुकट म्हणावीत. अट एकच, चौथं कडवं गाळू नये. धंद्यासाठी वाजवणाऱ्यांनी आईची लेखी परवानगी घ्यावी. सही करायला तिला मी शिकवलंय. तिला वेळ लागतो, तेवढा वेळ उभं राहावं.

५. सहा खांबांचं मूळ चित्र दयानंद हलगरे यांची कन्या गीतांजली हिला लग्नाचा आहेर म्हणून. तिच्याशी माझं वैर नाही. तिनं ते दर्शनी भिंतीला लावावं, सहीसकट. दयानंद हलगरे यांना मी काहीही ठेवत नाही. लेकीकडे येता-जाता सही दिसेल, तेवढं त्यांना पुरे.

६. मी मेल्यावर औशाच्या चौकात "भावपूर्ण श्रद्धांजली"चा फ्लेक्स लागेल आणि त्यात हलगरे हात जोडून उभे असतील, हे मला आत्ताच दिसतंय. फ्लेक्स छापणारे संगमेश्वरदादा आज आईला घेऊन नांदेडला आलेत आणि ह्या मृत्युपत्राचे साक्षीदार आहेत, म्हणून त्यांना समोरासमोर सांगितलं की छापू नका. दादा म्हणाले, "गिऱ्हाईक हाय गं ते माझं." मग छापा, पण माझी सही कापली तसं त्यांचं मुंडकं कापून छापा. दादा हसले, हो म्हणाले नाहीत. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, नाहीतर रंगाची पेटी तुमचीच होती, दादा. कुंचा धरायला तुम्ही शिकवलंत.

७. येत्या फेब्रुवारीत गीतांजलीची हळद आहे. हलगरे यांनी आईला बोलावणं धाडलंय. "पारंपरिक गाण्याची माउली" म्हणून स्टेजवर साडी-चोळी देऊन सत्कार करणार आहेत.

वरचा सगळा मजकूर मी आज दुपारी आईला वाचून दाखवला. पदराचं टोक पिळत ती म्हणाली,

"मंजी भर मांडवात मी खोटं बोलले म्हणून सांगू?"

"नको आई. फक्त गाणं म्हण. पुरं."

"चौथं मला येत न्हाई की."

म्हणून शिकवलं. तिसऱ्यांदा तिनं ते माझ्यापेक्षा चांगलं म्हटलं. ते इथे नोंदवते :

*गाणं कुणाचं पुसता बाई, गाणं न्हाई बेवारशी,*
*रुक्मिणीची सिंधु बांधी, औशाच्या वेशीपाशी.*

आईनं सत्काराला जावं. साडी घेऊ नये. माइक घ्यावा. परवानंतर माझा आवाज राहिला तर मी तिच्या शेजारी उभी राहून म्हणेन. आवाज गेला तर मी पेटी वाजवेन, ती म्हणेल. मीच गेले तर ती एकटी म्हणेल. तिन्ही वेळा कडवी चार.

वरील मजकूर वाचून, समजून, साक्षीदारांसमोर सही करते. ही सही कोणी कापू नये.

सिंधु व्यंकटी सोमवंशी

साक्षीदार :
१. संगमेश्वर बसलिंग हिप्परगे, फ्लेक्स व बोर्ड पेंटर, औसा (सही). ताजा कलम : फ्लेक्स छापणार नाही. गिऱ्हाईक गेलं तर गेलं.
२. शीला अंगद वाघमारे, घरमालकीण, नांदेड (सही)

ठिकाण : नांदेड
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२४