कोळ्याच्या कोपऱ्याची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, विधवा, शाळा चौथीपर्यंत, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा कागद दिला आहे, तो सोबत जोडला आहे. हे मृत्युपत्र मी कोणाच्याही दबावाखाली करत नाही. या घरात दबाव फक्त माझाच होता असं सून म्हणते. वकिलांनी तो पुरावा धरावा. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात सगळं मुलाला होतं.

राहतं घर मुलगा आणि मुलगी यांना निम्मं निम्मं. मुलगी वाटणीवरून भांडणार नाही. तिला फोन करायला सवड नसते, भांडायला कुठून मिळणार. मागची खोली या वाटणीत धरू नये, तिचं पुढे लिहिलं आहे.

बँकेत जे असेल त्यातून आधी मला पोचवायचा खर्च करावा. उरेल ते मुलीला. फोटोला मोठा हार घालू नये. जिवंतपणी कोणी फूल आणलं नाही.

दुर्बिणींबद्दल. कपाटात आहेत त्या जुन्या लढायांतल्या, बंदुकीवर बसवायच्या. लांब लपून नेम धरणारे शिपाई त्या वापरत. बंदूक घरात एकही नाही. पोलीस दोनदा बघून गेले, दुसऱ्यांदा तर चहासाठीच आले होते. गोळा करायचा नाद माझ्या नवऱ्याचा. भंगारातून आणायचे आणि महिन्याभराने पाहुण्यांना दाखवायचे, "ही मी दुरुस्त केली." दोन काचांमधला पिवळा पडलेला डिंक पातेल्यातल्या गरम वाळूत शेकून सोडवायचा, काचा पुसायच्या, पुन्हा जोडायच्या, हे मी करायचे. पाहुण्यांसमोर मी फक्त ट्रे घेऊन यायचे. हे वारल्यावर शोकसभेत यांच्या हातांबद्दल पुष्कळ बोललं गेलं. मी पहिल्या रांगेत बसून ऐकलं. त्या हातांना साधं पातेलं उतरवता येत नव्हतं.

या सगळ्या दुर्बिणी संग्रहालयाला द्याव्यात. पाटीवर यांचं नाव घालू नये. माझंही नको. आता कशाला.

यातली एक वगळून. ती माझ्या धाकट्या भावाची.

भाऊ नेमबाज शिपाई होता. लढाईवरून आला तो गप्पच आला. ही दुर्बीण माझ्या मांडीवर ठेवून म्हणाला, "ताई, हिच्यातून बघू नकोस. फक्त नीट ठेव." त्यानंतर तो फार जगला नाही. नळीवर त्याच्या अंगठ्याने झिजलेली एक जागा होती. माझा अंगठा तिथे बरोबर बसायचा.

अशा दुर्बिणीत नेम धरायला आत फुली असते, एक उभा धागा आणि एक आडवा. हिच्यातली फुली कोळ्याच्या धाग्याची होती. धागा तुटला तेव्हा मागच्या खोलीत खिडकीवरच्या कोपऱ्यात जो कोळी राहतो त्याचा धागा मी वाकवलेल्या तारेवर घेतला आणि लाखेच्या थेंबाने बसवला. तेव्हापासून त्या कोपऱ्याला झाडू लावायचा नाही, असा माझा हुकूम.

सुनेला तो कधी पटला नाही.

"आई, लोक काय म्हणतील? घरात जाळी."

"लोक आपल्याकडे छत बघायला येतात का गं?"

तरी तिने एकदा झाडलंच. आम्ही पावसाळाभर बोललो नाही. घर शांत होतं.

मी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला दवाखान्यात असताना मुलाने भावाची दुर्बीण उचलली आणि कुठल्याशा कारखान्यातून नवी करून आणली. नळी घासून काळी चकचकीत. अंगठ्याची जागा भरून सपाट. धागे काढून आत कोरीव रेघांची काच. माझ्या डोळ्यावरची पट्टी निघाली त्याच दिवशी सगळ्यांसमोर हातात दिली. मला वाटलं, दुसऱ्या कोणाची आहे.

"मामाची दुर्बीण आई. बघ, कशी नीट करून आणली."

"धागे कुठे आहेत?"

"टाकले असतील त्यांनी. अगं, कोळ्याचं जाळं होतं ते."

मी नळीवर अंगठा फिरवत राहिले तर म्हणतो, "तुझ्या डोळ्यात नवी काच घातलेली चालते, हिच्यात घातली तर तोंड वाकडं?"

सगळे हसले. हजरजबाबी आहे, बापावर गेला आहे. त्याचं उत्तर इथे देते. डॉक्टरांनी काच बदलली, बाकी मला म्हातारीच ठेवलं. भाऊ नीट ठेव म्हणाला होता. नीट कर म्हणाला नव्हता.

ती दुर्बीण मुलाला. भावाचं तिच्यात काही उरलेलं नाही, तेव्हा ती त्याचीच. दिवाणखान्यात मांडावी, चकाकते छान. वकील म्हणाले, त्याच्या नावावर फुली मारायची असेल तर तसं स्पष्ट लिहा. मारायची नाही. होती ती फुली त्याने कचऱ्यात घातली, दुसरी मी त्याच्यावर खर्च करणार नाही.

मागची खोली, टेबल, चिमटे, वाळूचं पातेलं, सगळं सुनेला.

हे वाचून दाखवतील तेव्हा ती दारातच बसेल. तिचं माझं पटलं नाही आणि मेल्यावर पटेल अशी आशाही नाही. पण दवाखान्यातून आले तेव्हा मला भेटायला लोक येणार म्हणून तिने घर लख्ख केलं होतं. मागच्या खोलीत गेले तर खिडकीवरचं जाळं जागच्या जागी, कोळी मध्ये बसलेला.

म्हटलं, "हे राहिलं वाटतं?"

"हात पोचला नाही," म्हणाली, आणि कपडे वाळत घालायला निघून गेली.

माझी सून पंख्याची पाती स्टुलाशिवाय पुसते.

तिने त्या खोलीत शिलाई मशीन ठेवावं, नाहीतर माझ्या नावाने बोटं मोडत बसावं. अट एकच. त्या कोपऱ्यापर्यंत तिचा हात यापुढेही पोचू नये.

वरचं सगळं मी स्वतः लिहिलं आणि दोघांसमोर मोठ्याने वाचलं. शुद्धलेखन कोणी सुधारू नये. हेही नीट ठेवावं.

सही: माझी, जोडाक्षरासह

साक्षीदार: शेजारचे घड्याळजी (चष्मा विसरले होते, आणून सही केली)
साक्षीदार: इस्त्रीवाल्या बाई (काही ठिकाणी हसल्या, तरी सही केली)

स्थळ: मागची खोली, खिडकीखाली
दिनांक: वकिलांच्या शिक्क्यात आहे तोच