वरच्या मजल्याचा कर

अहो,

तुमच्या नावाने अजून टपाल येतं. या वेळी घरपट्टीची नोटीस आली, आणि तिच्यापायी घरात जे झालं ते तुम्हाला सांगितल्यावाचून राहवत नाही. एरवी आपण दोघं कुठे फार बोलायचो?

घरपट्टीचा अर्ज दर वर्षी तुम्हीच भरायचात. दोन्ही मजल्यांपुढे 'स्वतःचा वापर' लिहायचात. नोटिशीत म्हटलं होतं, वरच्या मजल्याला विजेचा मीटर वेगळा आहे, म्हणजे तिथे भाडेकरू असणार. भाडेकरू असला की दर दुप्पट. मागच्या वर्षांचा फरक दंडासकट भरा. तो मीटर तुम्ही तुमच्या ताईंसाठी घेतला होता, हे त्यांना कोण सांगणार?

येलहंक्याच्या पालिका कचेरीत गेले. तिथल्या बाईंनी सांगितलं, हरकत लिहून द्या, माणूस येऊन बघून जाईल. मी लिहिलं: वर माझ्या नणंद राहतात, घरच्याच आहेत, भाडं घेत नाही.

माणूस आला. सभ्य होता, चपला जिन्याखाली काढल्या. वर जाऊन त्याने वन्संना विचारलं, अक्का, भाडं देता का?

"हो, देते," वन्सं म्हणाल्या.

मी जिन्यातच थांबले. तुम्ही गेल्यापासून त्या दर महिन्याला देवापाशी पैसे ठेवतात. मला वाटायचं, वीजबिलाचे. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. तुमच्या घरातली रीतच ती!

तो गेल्यावर म्हटलं, वन्सं, असं का सांगितलंत? तुम्ही का परक्या आहात? त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "परवा फोनवर सुधीर घर विकायचं म्हणत होता. मी ऐकलं. घरच्या माणसाला नुसतं 'चला' म्हणतात. भाडेकरूला नोटीस तरी द्यावी लागते."

आपला मुलगा तसं म्हणाला होता खरा. मी 'बघू' म्हटलं होतं. 'नाही' म्हटलं नव्हतं.

इतकी वर्षं बहिणीला वर ठेवलंत, मग मृत्युपत्रात तिच्यासाठी एक ओळ का लिहिली नाहीत? वाटलं असेल, घरात कसले कागद? तुम्ही होतात तोवर लागले नाहीत. तुम्ही असणारच, असं आम्ही दोघींनीही धरलं होतं.

आज पुन्हा कचेरीत जाऊन आले. तुमच्या वर्षांपुरती हरकत तशीच ठेवली, कारण तुम्ही खोटं भरलं नव्हतंत. निकाल काय लागेल, ठाऊक नाही. यंदापासून मात्र वरच्या मजल्यापुढे 'भाड्याने' लिहून दिलं. अम्मा, आपणहून जास्त कोण भरतं, असं त्या बाई म्हणाल्या. सरी, असू दे, म्हटलं. सुधीरला कळवलं, तर त्याने फोन ठेवला. पुन्हा केलेला नाही.

वन्संना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, करारावर सही कधी करायची. मी वाट पाहत होते, त्या म्हणतील, राहू दे ग. तसं काही त्या म्हणाल्या नाहीत.

तर करार करीन. वकिलाकडून नीट लिहून घेईन, नोंदवीन, म्हणजे माझ्यामागेही कोणाला तो मोडता येणार नाही. तुमची बहीण म्हणून त्या या घरात आल्या. आता भाडेकरू म्हणून का होईना, शेवटपर्यंत इथेच राहतील. हा माझा शब्द.

तुमची,
सुमती